मौजवनात गर्दी कधी नसते

एका जंगलात, मुलांनो, एक मुंगूस होतं. व्याकरणात मुंगूस 'ते' असतं. पण या मुंगसाला बायको होती, दोन मुलं होती आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं. म्हणून आपण त्याला 'तो' म्हणू. जंगल तर त्याला आदराने मुंगूसराव म्हणायचं.

मुंगूसराव तिठ्यावर बसायचे. तिठा म्हणजे जिथे तीन वाटा फुटतात ती जागा. तिथे बसून ते तोंड दाखवायचे. हेच त्यांचं काम होतं.

तुम्हाला ठाऊक असेल, प्रवासाला निघताना मांजर आडवं गेलं तर लोक मागे फिरतात आणि मुंगूस दिसलं तर खूश होतात. जंगलातही तसंच होतं. कोणी माहेरी निघो, कोणी औषध आणायला निघो, कोणी मुलगी बघायला निघो. आधी तिठ्यावर यायचं, मुंगूसरावांचं तोंड बघायचं आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. मुंगूसराव मान उंच करायचे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून तोंड दाखवायचे आणि म्हणायचे, "सुखरूप या."

त्यांच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. जे सुखरूप यायचे ते आभार मानायचे. जे यायचे नाहीत ते तक्रार करायलाही यायचे नाहीत.

मग एके वर्षी नदीपलीकडच्या टेकडीवर मौजवन निघालं.

मौजवनात घसरगुंड्या होत्या. पाण्यात धपकन पडणारी होडी होती. भूतबंगला होता, त्यात बेकार वटवाघळं नोकरीला लागली होती. आणि मधोमध आकाशपाळणा होता. भलंमोठं चाक आणि त्याला टांगलेले पाळणे. एका पाळण्यात चौघं. पाळणा वर गेला की सगळं जंगल खाली दिसतं, असं जाऊन आलेले सांगायचे.

जंगलात तोवर सुट्टी लागली की सगळे झोपायचे. आता सगळे मौजवनात जाऊ लागले. मौजवनात जायचं म्हणजे प्रवास आला. प्रवास आला म्हणजे मुंगूसराव आले. सुट्टीच्या दिवसांत तिठ्यावर पहाटेपासून रांग लागायची.

"मुंगूसराव, लवकर तोंड दाखवा बाई," रानडुकरीणबाई म्हणायच्या. त्यांच्यामागे पोरांची ओळ असायची. "बुकिंग सकाळचं आहे."

"सगळी पोरं माझ्याकडे बघताहेत का?"

"शेवटचं चिखलात बघतंय."

"मग त्याला इकडे बघायला सांगा. मागाहून बोल लावायचा नाही."

"अरे ए, मुंगूसकाकांकडे बघ! तिकडे काय बघतोस, चिखल काय पळून जातोय?" मग रानडुकरीणबाई मवाळ आवाजात विचारायच्या, "तुम्ही नाही का हो येत कधी?"

"मी आलो तर तुम्ही कोणाचं तोंड बघून निघाल?"

"तेही खरंच."

संध्याकाळी तीच वरात परत यायची.

"कसं होतं?" मुंगूसराव विचारायचे.

"रांग होती."

"आणि?"

"मग आणखी एक रांग होती."

सुट्ट्यांमागून सुट्ट्या मुंगूसराव अशी विचारपूस करत राहिले. जाणाऱ्याला विचारायचे, येणाऱ्याला विचारायचे. ऊन कसं होतं, होडीला किती थांबावं लागलं, पाळणा वर गेल्यावर थांबवतात की लगेच खाली आणतात. एकदाही न जाता त्यांना मौजवनाची खडान्‌खडा माहिती झाली. मौजवनाच्या मालकालाही नव्हती एवढी. साहजिकच बुकिंग कधी करावं हे विचारायला सगळे त्यांच्याकडे येऊ लागले.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ नका," मुंगूसराव सांगायचे. "घसरगुंडी तापते. दिवाळीच्या सुट्टीत तर नावच काढू नका. पावसात पाळणा बंद असतो. जोडून सुट्टी आली म्हणून खूश होऊ नका. ती सगळ्यांनाच जोडून आलेली असते."

"मग जायचं तरी कधी?" सशाने एकदा विचारलं.

"शाळा सुरू असावी, पण आपल्या पोरांना सुट्टी असावी. थंडी संपलेली असावी, पण ऊन लागू नये. भाव उतरलेला असावा, पण ते कोणाला कळलेलं नसावं. अशा दिवशी जावं. त्या दिवशी मौजवनात गर्दी नसते."

"असा दिवस असतो?"

"असतो. बघत राहावं लागतं."

ससा दुसऱ्याच दिवशी सहकुटुंब गेला, भर गर्दीत. त्याला तेवढा दम नव्हता.

रानमांजर मात्र दर सुट्टीत जायचं. ते आडवं जाऊ नये म्हणून जंगलानेच त्याला सुट्टीत घरी न राहण्याची विनंती केली होती.

आता मुंगूसरावांच्या घरी जाऊ. घर तिठ्यापासून जवळच, उंच गवतात, बांधाच्या पोटात होतं. बायकोचं नाव कुंदा. थोरला हेमू, धाकटी ठुमी.

"अहो, आपण कधी जायचं?" कुंदा विचारायची.

"गर्दी आहे गं."

"गर्दी असली तर असू दे. मला काही होडीत पडायचं नाही की भुतं बघायची नाहीत. माझा जन्म या गवताखाली गेला. वर बघितलं की गवत, समोर बघितलं की गवत. एकदा आपण चौघं त्या पाळण्यात बसू. वरून आपलं घर कसं दिसतं ते बघू."

"बघू," मुंगूसराव म्हणायचे.

मुलांनो, हा शब्द नीट समजून घ्या. कुंदा 'बघू' म्हणाली तेव्हा तिला डोळ्यांनी बघायचं होतं. मुंगूसरावांच्या 'बघू'मध्ये डोळ्यांचं काही काम नव्हतं.

"सुट्टीत माझाच सीझन असतो," ते समजावायचे. "मी उठलो तर अख्खं जंगल घरी बसेल."

"आणि सुट्टी नसते तेव्हा?"

"तेव्हा मी मोकळा असतो. पण तेव्हा पोरांची शाळा असते."

"जगाला तोंड दाखवता," कुंदा म्हणायची, "आणि आम्हाला मेली तुमची पाठ."

मुंगूसराव हसायचे. कुंदाही हसायची. तिचा राग फार वेळ टिकायचा नाही. हा तिच्यातला मोठाच दोष होता.

शाळेच्या दिवसांत एखादा दिवस दांडी मारता आली असती. पण ठुमी लहान होती. मौजवनाच्या दारात लाकडी हत्ती उभा होता. त्याच्या गुडघ्याइतकी उंची भरल्याशिवाय पाळण्यात बसू देत नसत. ठुमी गुडघ्याला यायची ती कान ताठ केल्यावर.

"कान धरत नाहीत," मुंगूसराव म्हणाले. त्यांनी ते मुद्दाम विचारून घेतलं होतं. "वर्षभर थांबू. मग दोघंही बसतील."

वर्षभराने ठुमी हत्तीच्या गुडघ्याला लागली. पण तेवढ्यात हेमू दहावीत गेला.

दहावीच्या वर्षात कुठे जायचं नसतं. का जायचं नसतं, ते जंगलात कोणी विचारत नाही. हेमू अभ्यास करत होता असंही नाही. तो बिळाच्या तोंडाशी पुस्तक उघडून गांडुळं बघत बसायचा. पण त्या वर्षी घरात कोणी मोठ्याने हसलं तरी शेजारची खार विचारायची, "अगंबाई, हेमूची दहावी ना?"

दहावी झाली. मग दोन वर्षांनी बारावी येणारच होती, तर मध्ये कशाला, असं मुंगूसरावांना वाटलं.

पण कुंदाने त्या मधल्या वर्षी ऐकलं नाही. दिवाळी होऊन गेली होती. तिने शेपटी झटकली आणि म्हणाली, "आज पोपटरावांकडे जाऊन बुकिंग करून या. नाहीतर मी तिठ्यावर येऊन सगळ्यांसमोर तुमच्याकडे पाठ करून बसते."

पोपटराव मौजवनाचं बुकिंग करायचे. वडाच्या ढोलीत त्यांची खिडकी होती. सगळ्यांची बुकिंगं त्यांना तोंडपाठ असायची, पोपटच ते.

"या मुंगूसराव! आज तरी घेताय का?"

"भाव काय म्हणतोय?"

"आजच्या आज घेतलंत तर परवडतं. उद्या घेतलंत तर काल परवडलं असतं."

"गर्दी?"

"ते तुम्हीच सांगा. मी तुमच्याकडूनच ऐकतो आणि इथे सांगतो."

मुंगूसरावांनी बराच विचार करून पुढच्या पंधरवड्यातला एक दिवस सांगितला. चौघांचा. पोपटरावांनी तो दोनदा मोठ्याने म्हटला आणि बुकिंग झालं.

"आणि हे बघा," पोपटराव म्हणाले, "तारीख बदलावीशी वाटली तर केव्हाही या. बदल फुकट आहे."

हे त्यांनी बोलायला नको होतं.

सहलीच्या आदल्या दिवशी कुंदाने दशम्या केल्या, अंडी उकडली, लसणाची चटणी कुटली. सगळं पळसाच्या पानात बांधून ठेवलं. हेमूने अंघोळ केली. ठुमीने दोनदा केली. संध्याकाळी मुंगूसराव तिठ्यावरून परत आले ते जरा वळसा घेऊनच.

"तारीख पुढे नेली," ते म्हणाले. "तरस सांगत होता, उद्या हत्तींचं संमेलन आहे मौजवनात. एका हत्तीमागे किती वेळ उभं राहावं लागतं, तुला कल्पना नाही."

ठुमीचा खालचा ओठ हलायला लागला.

कुंदा उठली. तिने बिळाच्या मागच्या अंगाला, जिथे जरा रुंद होतं, तिथे चटई अंथरली. पळसाची पानं सोडली. "चला," ती म्हणाली, "आलो आपण मौजवनात."

"इथे कुठंय मौजवन?" ठुमी म्हणाली.

"आहे की. ही होडी, तो भूतबंगला."

"मग रांग कुठंय?"

"बाबा उभे आहेत बघ. त्यांच्यामागे जाऊन उभी राहा. पुढे सरकतच नाहीत."

हेमू चटणी लागल्यासारखा खोकला. ठुमी हसली. मुंगूसरावही हसले आणि चटईवर बसले. दशम्या फार चांगल्या झाल्या होत्या. प्रवासासाठी केलेलं खाणं घरीच खाल्लं तर जास्त चवदार लागतं, असं मत त्यांनी त्या दिवशी बनवलं.

हत्तींचं संमेलन तसं झालंच नाही. तरसाने ऐकण्यात चूक केली होती. पण एकदा बदललेली तारीख पुन्हा बदलायला हात कचरत नाही. नव्या तारखेला थंडी फार होती. त्यापुढच्या तारखेला ठुमीचं स्नेहसंमेलन होतं. त्यापुढे होळी. प्रत्येक तारीख आधीच्या तारखेपेक्षा चांगली असायची, आणि तिच्याहून चांगली कुठली ते मुंगूसरावांना तिच्या आदल्या दिवशी कळायचं.

"बदल फुकट आहे," पोपटराव म्हणायचे आणि नवी तारीख दोनदा मोठ्याने म्हणायचे.

कुंदा दर वेळी दशम्या करायची. मग तिने अंडी उकडणं सोडलं. मग एका वेळी म्हणाली, "तुम्ही निघालोय म्हणालात की पीठ मळते. अर्ध्या घटकेत होतात."

हेमूची बारावी झाली. तो दूरच्या जंगलात साप खात्यात नोकरीला लागला. मुंगसाला साप खात्यात नोकरी मिळाली म्हणून तिठ्यावर पेढे वाटले. हेमू निघाला तेव्हा बापाचं तोंड बघूनच निघाला.

"आता हेमूची रजा बघून ठरवू," मुंगूसराव कुंदाला म्हणाले. "चौघं असायला हवेत ना?"

"चौघं तर हवेतच," कुंदा म्हणाली.

हेमूला रजा मिळायची ती पावसात. एरवी साप शोधत फिरावं लागायचं, पावसाळ्यात ते आपणहून बाहेर यायचे, म्हणून तेव्हा एकेकाला चार दिवस सोडायचे. आणि पावसात आकाशपाळणा बंद असायचा.

अशीच आणखी काही वर्षं गेली. मौजवनाचे दर वाढले. लाकडी हत्तीला नवा रंग दिला. ठुमी आता हत्तीच्या गुडघ्याला नव्हे, कानाला लागत होती.

एके वर्षी आषाढात कुंदाला ताप आला. उतरला. पुन्हा आला. खार काढे घेऊन आली. कुंदा काढा प्यायची आणि खारीच्या पोरांची चौकशी करायची. मग तिला उठवेनासं झालं.

एकदा तिने विचारलं, "आता तिकडे गर्दी नसेल, नाही हो?"

"पावसात बंद असतं गं."

"बंद असलं म्हणजे गर्दी नसणारच," ती म्हणाली आणि हसली.

"पाऊस उघडला की जाऊ."

"तारीख घेतलीत?"

"घेतो."

मुंगूसराव तसेच पावसात पोपटरावांकडे गेले. "पाऊस उघडल्यावरचा पहिला दिवस," ते म्हणाले. "चौघांचा. आणि हा बदलायचा नाही. मी स्वतः आलो तरी बदलायचा नाही."

पोपटरावांनी तो दिवस दोनदा म्हटला.

घरी येऊन मुंगूसरावांनी कुंदाला सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली. "हेमूला कळवा."

पाऊस उघडायच्या आत कुंदा गेली. बोधकथेत याहून जास्त सांगायची पद्धत नाही.

हेमू आला. शेजारपाजारचे आले. रानडुकरीणबाई येऊन नुसत्याच बसल्या, आणि त्यांची पोरं पहिल्यांदाच गप्प होती.

मुंगूसरावांना सुतक होतं, तेव्हा तिठ्यावर जायचा प्रश्न नव्हता. सुतकातलं तोंड बघून कोण निघणार? पण सुतक फिटल्यावरही प्रश्न उरलाच. जंगलाच्या समितीची बैठक बसली. कोल्होबा अध्यक्ष होते.

"मुंगूसरावांबद्दल आम्हाला आदर आहे," कोल्होबा म्हणाले. "पण जोडीतल्या मुंगसाचं तोंड पाहिलं तर जाऊन परत येणं होतं. एकट्या मुंगसाचं पाहिलं तर नुसतं जाणं होतं. येण्याचं सांगता येत नाही."

"याला काही आधार?" सशाने विचारलं.

"आधार नाही. पण आधी तू जाऊन बघतोस का?"

ससा खाली बसला.

शेवटी असं ठरलं की तिठ्यावर मुंगसाचं चित्र लावावं. सुतारपक्ष्याने एका फळीवर मुंगूस कोरलं. मानकरी मंडळींनी ते रंगवून घेतलं. चित्रातलं मुंगूस हसत होतं. ते डावीकडूनही दिसायचं, उजवीकडूनही दिसायचं. जे परत यायचे ते फळीचे आभार मानायचे.

एका सकाळी मुंगूसराव चित्र बघायला गेले. समोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"मुंगूसराव," मागून रानडुकरीणबाई हळूच म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं. पण जरा बाजूला होता का? पोरांना दिसत नाहीये."

"हो, हो." मुंगूसराव बाजूला झाले. "छान आलंय, नाही?"

"छानच आलंय. आणि केव्हाही या, असतंच."

फळ्या जंगलात आधीही होत्या. सुतारपक्षीही आधीपासून होता, तिठ्याच्याच झाडावर. मुंगूसरावांच्या हे लक्षात आलं. ते तिथेच बाजूला उभे राहिले. रानडुकरिणीची सगळी पोरं चित्र बघून निघून गेली, तरी उभेच राहिले.

मग पाऊस उघडला.

हेमूची वाढवून घेतलेली रजा संपायला आली होती. त्याने सकाळी बिळाबाहेर बघितलं, ऊन बघितलं आणि तो आत आला. ठुमी म्हणाली, "बाबा, आजची तारीख आहे ना?"

"आहे."

"मग?"

मुंगूसराव वडाच्या ढोलीकडे गेले. दोन्ही मुलं त्यांच्यामागे गेली.

पोपटरावांनी त्यांना लांबूनच बघितलं. "आजचा दिवस," ते म्हणाले. "चौघांचा." मग थांबले. चोच उघडली आणि मिटली. तारखेबद्दल जे वाक्य ते सगळ्यांना म्हणत, ते त्यांना त्या दिवशी म्हणता आलं नाही. इतकं पाठ असलेलं वाक्य विसरण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असेल.

"एक कमी करू का?" त्यांनी विचारलं.

"राहू दे," मुंगूसराव म्हणाले. "काही बदलायचं नाही असं मीच सांगितलंय."

तिघं निघाले. वाटेवर चिखल होता. नदीला पाणी होतं, पण उतार होता. निघताना त्यांनी कोणाचंच तोंड बघितलं नाही. तिठ्यावरची फळी रात्रीच्या वाऱ्याने उलटी झाली होती.

मौजवन रिकामं होतं.

मुलांनो, असं रिकामं मौजवन कोणी बघितलं नसेल. पाऊस उघडला आहे हे जंगलाच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. शाळा सुरू होती. ऊन होतं, पण लागत नव्हतं. भाव उतरलेला होता आणि ते कोणाला कळलेलं नव्हतं. लाकडी हत्तीच्या सोंडेवरून पाणी ठिबकत होतं. घसरगुंडी गार होती. होडीवाला होडीतच झोपला होता. मुंगूसरावांनी आयुष्यभर जो दिवस वर्णन करून सांगितला होता, तो हा होता. एकाही बाबतीत फरक नव्हता.

"वा!" आकाशपाळण्याशी बसलेलं वानर उठून म्हणालं. "काय दिवस निवडलात काका! लोक आंधळ्यासारखे सुट्टीत येतात आणि माझ्या नावाने बोटं मोडतात. किती जण?"

"बुकिंग चौघांचं आहे," ठुमी म्हणाली.

वानराने त्यांच्यामागे वाटेकडे बघितलं. "चौथं माणूस मागून येतंय का? थांबतो मी. आज कुठे घाई आहे?"

"नाही," हेमू म्हणाला. "तिघंच."

वानराने पाळण्याचं दार उघडलं. एका बाकावर हेमू आणि ठुमी बसले. समोरच्या बाकावर मुंगूसराव बसले. त्याबरोबर पाळणा एका अंगाला कलला.

"असं नाही चालायचं," वानर म्हणालं. "तुम्ही इकडे सरका काका. नाही, तिकडे. नाहीच जमत. एरवी गर्दी असते, कोणीतरी चौथं बसवून देतो. आज कोणाला बसवू? तोल नाही राहिला तर वर वाऱ्यात फिरतो हा."

ते खोपटात गेलं आणि पाठीवर वाळूचं पोतं घेऊन आलं. पोतं त्याने मुंगूसरावांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलं. जागेला पट्टा होता. तो त्याने पोत्याभोवती घेतला, जोर लावून आवळला आणि पोत्यावर थाप मारली.

"झालं. आता हलायचं नाही."

पाळणा सरळ झाला. वानर चाकाच्या दांड्याशी गेलं.

कोणी कोणाकडे बघत नव्हतं. हेमू आपल्या पायांकडे बघत होता. मुंगूसराव दांड्याकडे बघत होते. ठुमी पोत्याकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"तो पट्टा जरा सैल करा ना. फार आवळलाय."

मुंगूसरावांनी पोत्याच्या पट्ट्याचा आकडा सोडला, एक भोक अलीकडे घेतला आणि पुन्हा लावला. पट्ट्याखालून बोट फिरवून बघितलं.

"आता ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे," ठुमी म्हणाली.

वानराने दांडा ओढला. पाळणा गवताच्या वर गेला, मग झाडांच्या वर गेला आणि सगळ्यात उंच जागी जाऊन थांबला. खाली रांग नव्हती, त्यामुळे वानराने त्यांना बराच वेळ तिथेच राहू दिलं.

तात्पर्य : सहलीच्या बुकिंगची घाई करू नये. धीर धरून थांबत राहिलं की गर्दी कमी होतेच. फक्त ती आधी आपल्या घरातली कमी होते.